हजेरी माझी, नाव बेबीचं

"ऊठ तिथनं," गुरुजी म्हणाले. "आज तू पुढं बसायचं."

मी चौथीत होते. माझी जागा दाराजवळ, पोरं चपला काढायची त्याच्या अलीकडे. आमच्या वस्तीतली सगळी पोरं तिथंच. तिथं बसा असं आम्हाला कुणी तोंडानं सांगितलं नव्हतं. पहिलीत आलो तेव्हा आमची मोठी भावंडं तिथं बसलेली दिसली, आम्ही त्यांच्याजवळ टेकलो. पुढं बस्करपट्ट्या अंथरलेल्या असायच्या. त्यांच्यावर गावातली आणि मळ्यातली पोरं. पट्टी आमच्यापर्यंत पोचायची नाही.

म्हणून गुरुजी 'पुढं' म्हणाले तेव्हा मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, माझे पाढे ऐकून ऐकून गुरुजींना शेवटी पटलं.

पण पट्टीवर बसवायच्या आधी त्यांनी मला शाळेच्या मागं नेलं. तिथं हौदापाशी चेअरमनची बायको उभी होती. गावच्या सोसायटीचा चेअरमन म्हणून साऱ्या गावाला तो नुसता 'चेअरमन'. ऊस त्यांचा, ट्रॅक्टर त्यांचा, शाळा समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याच घरात. त्यांची मुलगी बेबी माझ्या वर्गात होती. बेबीच्या आईच्या हातात पिशवी होती. पिशवीत बेबीचा गणवेश, लाल रिबिनी आणि साबणाची वडी.

तिनं साबण हौदाच्या काठावर ठेवला आणि मागं सरकली.

"मानंला पन लाव," ती म्हणाली. "कानामागं लाव. आन् कपडे नीट घाल, फाडू नको."

गुरुजी पाठ फिरवून उभे राहिले. मी तिच्यासमोर अंगावरचा फ्रॉक काढला. हिवाळ्याचे दिवस होते, हौदाचं पाणी गारठलेलं. बेबीचा गणवेश मला ढगळ झाला. रिबिनी मला बांधता येईनात. आमच्या घरी वेणीला जुन्या लुगड्याची चिंधी असायची, रिबीन कधी बांधलीच नव्हती. बेबीची आई नुसती बघत राहिली. तिनं हात लावला नाही. शेवटी गुरुजींनीच बांधल्या, वाकड्यातिकड्या.

"नीट ऐक," बांधता बांधता ते म्हणाले. "आज डिपोटीसाहेब येनार. शाळंची तपासनी हाय. साहेबांनी नाव विचारलं की बेबीचं सांगायचं. पुरं नाव. वडलांच्या नावासकट."

"आन् बेबी?"

"तिला ताप आलाय."

"मंग माझं नाव?"

"एका दिवसाचा तर प्रश्न हाय," गुरुजी म्हणाले.

बेबीला ताप आला नव्हता. ती मळ्यात होती. साहेबांचं जेवण चेअरमनच्या घरी ठरलेलं, आणि चेअरमननं आधीच फुशारकी मारून ठेवलेली की आमची पोर वर्गात पहिली आहे, काहीही विचारा. बेबी वाईट नव्हती. पण नवा माणूस दिसला की तिची बोबडी वळायची आणि पाढे बाराच्या पुढं सरकायचे नाहीत. मग चेअरमनच्या शब्दाची लाज कुणी राखायची? ती राखायला दाराजवळच्या एका पोरीला अंघोळ घालायचं ठरलं.

साहेब आले. अंगानं भरलेला माणूस, पांढरा शर्ट, खिशाला पेन. आम्ही उभं राहून एक साथ नमस्ते केलं. खुर्चीत बसून त्यांनी गुरुजींना हजेरी घ्यायला सांगितली.

बेबीचं नाव आलं. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, "हजर."

आमची नावं शेवटी असायची. सगळ्यात शेवटी माझं. गुरुजींनी माझं नाव घेतलं आणि माझं तोंड उघडलं. सवयच ती. गुरुजींनी डोळे वटारले. मग साहेबांकडे न बघता स्वतःच म्हणाले, "गैरहजर."

मी तिथं बसलेली. जिवंत. साबणाचा वास येणारी. आणि मी शाळेत नव्हते.

साहेबांनी विचारलं, "कुठली ही?"

"वस्तीवरची, साहेब."

"हं. ह्यांचं असंच असतं. पोरांना शाळेत पाठवायचंच नसतं ह्या लोकांना."

गुरुजी हसले. मोठ्यानं नाही, साहेबांना बरं वाटावं इतकंच. ते हसणं मी अजून विसरले नाही.

मग साहेबांनी मला उभं केलं. जिल्ह्यातल्या नद्या विचारल्या. मी सांगितल्या. नकाशावर बोट ठेवून दाखव म्हणाले. मी प्रवरा दाखवली, मुळा दाखवली, सीना दाखवली. एकोणतीसचा पाढा म्हण म्हणाले. मी म्हटला, न अडखळता. मग उलटा म्हण म्हणाले. तोही म्हटला. साहेब एकदम खूश झाले. त्यांनी मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. आमच्यातल्या कुणाच्या डोक्यावरून त्या शाळेत कधी कुणी हात फिरवला नव्हता, आणि तो हातही माझ्यासाठी नव्हता.

"नाव काय बाळ तुझं?"

मी बेबीचं नाव सांगितलं. तिच्या बापाचं नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. माझा बाप त्याच चेअरमनच्या उसात दारं धरायचा, रात्र रात्र चिखलात उभा राहून पाणी फिरवायचा. मालकाचं नाव मी बाप म्हणून घेतलं. घेतलं म्हणजे घडाघडा घेतलं, आवाज न चोरता, कारण साहेबांसमोर मोठ्यानं बोलायचं असं गुरुजींनीच शिकवलं होतं.

साहेबांनी खिशाचं पेन काढून माझ्या हातात दिलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. दाराजवळची आमची पोरंसुद्धा टाळ्या वाजवत होती, त्यात माझा भाऊही.

साहेब जेवायला गेले. गुरुजी म्हणाले, "दे इकडं ते."

मी पेन दिलं.

हौदापाशी पुन्हा कपडे बदलले. बेबीच्या आईनं पिशवीचं तोंड उघडं धरलं, मी गणवेश वरून आत टाकला. मी रिबिनी सोडायला लागले तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे तुलाच. आता त्या काय आमच्या बेबीला घालायच्या व्हय?"

शाळा सुटल्यावर गुरुजी माझ्याबरोबर ओढ्यापर्यंत चालत आले. मी रडत नव्हते. त्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "मी न्हाई म्हनलो असतो तर माझी बदली केली असती गं. पार तिकडं अकोले तालुक्यातल्या डोंगरात टाकलं असतं. मंग तुमाला कोन शिकवनार हुतं?" मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एक दिवस मी समद्या गावापुढं सांगंन. ती पोर तू हुतीस म्हनून. हा माझा शब्द हाय तुला."

मी विश्वास ठेवला. का ठेवू नये? आम्हाला अक्षर दिलं ते त्यांनीच. आमच्या वस्तीत येऊन, ओट्यावर बसून पोरांना शाळेत ओढून नेणारा तो पहिला मास्तर. माझ्या आईबापानंतर मी कुणाला मानत असेन तर गुरुजींना.

आईनं रिबिनी बघितल्या. कुठनं आणल्या म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं, गुरुजींचा शब्दसुद्धा. आई ऐकून घेत होती. मग तिनं माझ्या वेण्या सोडल्या आणि त्या रिबिनी दारातल्या शेळीच्या गळ्यात बांधल्या.

"शोभत्यात तिला," म्हणाली.

बापाला आम्ही सांगितलं नाही. तो मरेपर्यंत सांगितलं नाही.

पुढं मी शिकले. दहावी झाले, बारावी झाले, नंतर एसटीत वाहक म्हणून लागले. श्रीरामपूर डेपोला. माझ्या तोंडाला लागू नये असं आमच्या मार्गावरचे प्रवासी म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. भरलेल्या गाडीत मागच्या सीटवरच्या माणसाला जागेवरून खडसावता आलं पाहिजे, नाहीतर ही नोकरी करू नये. पण एक प्रवासी चढला की माझा आवाज खाली यायचा. गुरुजी. रिटायर झाल्यावर ते पोराकडे तालुक्याला राहायचे. कधी दवाखान्याला, कधी पेन्शनच्या कामाला माझ्या गाडीत यायचे. मी त्यांना पुढची जागा करून द्यायचे. चालत्या गाडीत दांडीला धरून वाकायचे आणि त्यांच्या पाया पडायचे. प्रवासी बघायचे. मी सांगायचे, माझे गुरुजी आहेत.

ते डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणायचे, "ध्यानात हाय माझ्या."

प्रत्येक वेळी. मी कधी विचारलं नाही, कधी सांगणार म्हणून. मला वाटायचं, मोठ्या माणसाला आठवण करून देणं बरं दिसत नाही. त्यांचा शब्द होता, म्हणून मी गप्प होते. नवऱ्याला सांगितलं नाही, लेकीला सांगितलं नाही. ते गुरुजींच्या तोंडून निघायचं होतं.

यंदा शाळेचा शतकोत्तर रौप्यमहोत्सव झाला. फाट्यापासून शाळेपर्यंत फ्लेक्स लागले. प्रत्येक फ्लेक्सवर सगळ्यात मोठा फोटो बेबीचा. महोत्सव समितीची अध्यक्ष ती. आता गाव तिला बेबीताई म्हणतं. ती नगरला सावेडीत राहते, तिच्या माहेरची एक शिक्षणसंस्था आहे, ती चालवते. पुढच्या निवडणुकीला उभी राहणार अशी बोलवा आहे.

शाळेतल्या एका तरुण मास्तरांचा मला फोन आला. म्हणाले, "मॅडम, आपल्या शाळेतून झालेल्या पहिल्या महिला वाहक म्हणून तुमचा सत्कार ठेवलाय. नाही म्हणू नका. गुरुजीही येणार आहेत. शेवटी ते तुमच्या वर्गाची हजेरी घेणार आहेत, जुन्या पद्धतीनं."

असं हल्ली सगळीकडे करतात. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात जुने गुरुजी उभे राहतात, नावं पुकारतात, आणि टकलं पडलेली, सुना आलेली माणसं 'हजर गुरुजी' म्हणतात. हसतात, रडतात. मी फोन ठेवला आणि मला कळलं की आज ना उद्या म्हणत ज्याची वाट बघितली तो दिवस हाच. सगळं गाव समोर असणार. गुरुजींच्या हातात माईक असणार. आणखी काय पाहिजे होतं? मी ड्युटी बदलून घेतली. लेकीच्या लग्नात घेतलेली साडी नेसले.

गेटवर त्यांनी फेटा बांधला. बायकांनाही गुलाबी फेटे होते. मला दुसऱ्या रांगेत खुर्ची दिली. मागं वळून बघितलं तर आमच्या वस्तीतल्या बायका मंडपाच्या कडेला, पाण्याच्या टाकीजवळ बसलेल्या. त्यांनाही कुणी तिथं बसा म्हणून सांगितलं नसणार.

आधी शाळेचा इतिहास वाचून दाखवला. शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर सुरू झाली आणि ती बेबीच्या पणजोबांनी सुरू केली, असा तो इतिहास. आमच्या वस्तीतली म्हातारी माणसं वेगळं सांगायची. एक मिशनचा मास्तर आला, त्यानं आमच्या चिंचेखाली पोरं गोळा केली, आणि आमची पोरं वाचायला लागली तेव्हा गावाला शाळा आठवली. त्या मास्तराचं नाव इतिहासात नव्हतं. चिंचेचंही नव्हतं. टाकीजवळ बसलेली माझी चुलती तोंडाला पदर लावून काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, असू दे. आज माझं एक काम होऊ दे, बाकी नंतर बघू.

मग बेबी बोलायला उठली. चांगली बोलते ती आता. बोबडी वळायची ते दिवस गेले. आईवडिलांचे आभार मानले, गावाचे मानले. आणि मग तिनं पर्समधून एक पेन काढलं.

"चौथीत असताना तपासणीला मोठे साहेब आले होते," ती म्हणाली. "त्यांनी मला जिल्ह्यातल्या नद्या विचारल्या. एकोणतीसचा पाढा विचारला. मी तो सरळ म्हटला, उलटाही म्हटला. साहेबांनी स्वतःच्या खिशातलं हे पेन काढून मला दिलं. आज मी जी काही आहे ती या पेनामुळं, या शाळेमुळं, आणि माझ्या गुरुजींमुळं. गुरुजी, आठवतंय ना?"

मी खुर्चीत पुढं सरकले. मला वाटलं, आता. यापेक्षा सोपं कुणी करून देणार नाही. प्रश्नसुद्धा तिनंच विचारलाय.

गुरुजींच्या गळ्यात हार होता. डोक्यावर फेटा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. अगदी डोळ्याला डोळा. मग ते हाराची फुलं चाचपायला लागले.

"आठवतं तर," ते माईकवर म्हणाले. "सोन्यासारखी पोर. साहेबसुद्धा चकित झाले हुते."

टाळ्या पडल्या. बेबीनं वाकून त्यांचे पाय धरले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. मला वाटतं तिला ते खरंच वाटतं. इतक्या वर्षांत घरच्यांनी सांगून सांगून ती मनानं त्या दिवशी शाळेत येऊन गेली. मला राग तिचा नाही आला, म्हणजे आला, पण तो नंतर. त्या क्षणी जे तुटलं ते गुरुजींमुळं तुटलं. मी इतकी वर्षं ज्या माणसाच्या पाया पडत आले, त्यानं मला परत एकदा विकलं, आणि तेही माझ्या तोंडाकडे बघून.

मग हजेरी सुरू झाली. सूत्रसंचालन करणाऱ्या त्या तरुण मास्तरांनी घंटा वाजवली. आमच्या वर्गातले सगळे उभे राहिले. गुरुजी एकेक नाव घ्यायला लागले. कुणी लहान पोराच्या आवाजात 'हजर' म्हणे, कुणी 'उशीर झाला गुरुजी' म्हणून कान पकडे. मंडप हसून हसून लोटपोट. बेबी दोन्ही हात वर करून म्हणाली, "हजर गुरुजी!"

आमची नावं शेवटी. सगळ्यात शेवटी माझं. गुरुजींनी माझं नाव घेतलं.

"गैरहजर," मी म्हणाले.

मंडप पुन्हा हसला. गुरुजीही हसले. "अगं, समोर तर उभी हायस."

"त्या दिवशीबी समोरच हुते, गुरुजी."

त्यांचं हसणं थांबलं. बाकीच्यांचं थांबायला जरा वेळ लागला. तरुण मास्तर दुसरा माईक घेऊन माझ्याकडे येत होते, बेबीबरोबर आलेल्या तिच्या एका माणसानं त्यांना हातानं अडवलं. मला माईक लागत नाही. भरलेल्या गाडीत जो आवाज लावते तो लावला. टाकीपर्यंत पोचला.

"साहेब आले त्या दिवशी बेबी मळ्यात हुती. मला ह्या हौदावर धुऊन तिचा गनवेश घातला. नद्या मी सांगितल्या. पाढा मी म्हनला. नाव हिचं सांगितलं, हिच्या बापाचं सांगितलं, गुरुजींनी सांगायला लावलं म्हनून. आन् माझं नाव आलं तवा गुरुजींनी मला गैरहजर मांडलं. ते पेन माझ्या हातातनं काढून घेतलंय."

"हे काय बोलतेस तू?" बेबी म्हणाली. तिचा चेहरा खरोखर उतरला होता. "मला आठवतंय सगळं."

"तुला ताप आला हुता, बेबी."

एकदम गलका झाला. त्या दिवशी टाळ्या वाजवलेले माझ्या वर्गातले एकेक करून खाली बसले. कुणी म्हणालं, हिला कुणी पाठवलंय बघा. कुणी म्हणालं, इलेक्शन आलं की असली माणसं उठतातच. कुणी म्हणालं, बाई, आजच्या चांगल्या दिवशी तरी नको. आमच्या वस्तीचा चांगला दिवस कधी येतो ते मला कुणी सांगितलेलं नाही.

"मला पेन नको," मी म्हणाले. "सत्कार नको. बेबीनं माफीबी मागू नये. गुरुजींनी एक वाक्य बोलावं. कोन हुतं त्या दिवशी?"

सगळा मंडप गुरुजींकडे बघायला लागला. बेबीसुद्धा. माईक त्यांच्याच हातात होता.

"लई वर्सं झाली," ते म्हणाले. "माझं वय झालंय. मला न्हाई आठवत."

"मगाशी तर आठवत हुतं, गुरुजी."

ते खाली बसले. बेबीच्या माणसानं खूण केली आणि स्पीकरवर गाणं लागलं, मोठ्यानं, देशभक्तीचं.

मी फेटा काढला, खुर्चीवर ठेवला आणि निघाले. टाकीपाशी आले तशी चुलती उठली. "चल, म्या बी येती," म्हणाली. आणखी काही बायका उठल्या. काही बसून राहिल्या. त्यांचे नवरे, पोरं त्याच मळ्यांत कामाला आहेत, त्यांना मी काय बोलणार? घरी आल्यावर माझ्या भावानं मात्र मला बोल लावले. म्हणाला, "म्हाताऱ्या मानसाला भर मंडपात उघडं पाडलंस. काय मिळालं?" मी त्याला विचारलं, "तू त्या दिवशी वर्गात हुतास. टाळ्या वाजवल्यास. तुला माहीत हुतं ती मी हाय म्हनून. तू का न्हाई बोललास आज?" तो उठून बाहेर गेला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. अपमानाचं काही नवीन नव्हतं. पण तो शब्द मला टोचायला लागला. ओढ्यापाशी दिलेला. मी तो उलटून पालटून बघितला आणि मला प्रथमच नीट दिसला. मी चौथीतली पोर. बाकीच्या पोरांची तोंडं चेअरमनच्या धाकानं बंद होती, पण मी दुसऱ्या दिवशी वस्तीत, गावात, कुणालाही सांगितलं असतं. साहेबांच्या कानावर गेलं असतं तर गुरुजींचीच नोकरी अडचणीत आली असती. म्हणून शब्द दिला. मला न्याय द्यायला नव्हे, माझं तोंड बंद राहावं म्हणून. आणि पुढं गाडीत डोक्यावर हात ठेवून 'ध्यानात हाय माझ्या' म्हणायचे, तेही त्यासाठीच. मी पाया पडत होते आणि ते माझं तोंड तपासून बघत होते, अजून बंद आहे ना म्हणून. हे असंच असेल असं मी शपथेवर सांगू शकत नाही. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मी बघितलं होतं. पण पाणी खरं असलं म्हणून शब्द खरा ठरत नाही, एवढं मला कळलं.

काही दिवस गेले. मी श्रीरामपूरच्या स्टँडवर गाडीपाशी चहा पीत उभी होते. गुरुजींचा फोन आला.

"पोरी, रागावलीस?"

गाड्यांच्या आवाजात ऐकू यावं म्हणून मी फोन कानाला दाबून धरला.

"तुझं बरोबर हाय," ते म्हणाले. "तूच हुतीस. मला समदं आठवतंय. तुझा उलटा पाढा अजून कानात हाय. रिबिनी म्याच बांधल्या हुत्या. मंडपात बोलायला जीभ रेटली न्हाई बघ. माझा पोरगा त्यांच्या संस्थेत नोकरीला हाय. तू समजून घे."

माझे डोळे भरून आले. लाज वाटते सांगायला, पण आले. त्या एका वाक्यासाठी मी अर्धं आयुष्य थांबले होते. ते आलं. स्टँडवरच्या गोंगाटात, फोनमध्ये, फक्त माझ्या एका कानात आलं. शेजारी उभ्या असलेल्या चहावाल्यालाही ऐकू गेलं नाही. आणि मग मला असा संताप आला की मंडपातसुद्धा आला नव्हता. ज्याला आठवत नाही त्याला एकवेळ सोडून देता येतं. ह्यांना सगळं आठवत होतं.

"हे मला कशाला सांगता, गुरुजी?" मी म्हणाले. "मला माहीत हाय. मी तिथं हुते."

"मंग काय करू मी?"

"ज्यांना माहीत न्हाई त्यांना सांगा. ग्रामसभेत सांगा. पारावर सांगा. शाळेतल्या पोरांपुढं उभं ऱ्हाऊन सांगा."

"आता ह्या वयात?" ते म्हणाले. "म्या कितीक दिवसांचा सोबती? मेलो की समदं मिटंल, पोरी."

"न्हाई मिटनार."

आमच्या भागात माणूस गेला की दहाव्याला नदीवर सगळं गाव जमतं. माईक असतो. पुढारी येतात, नातेवाईक येतात, एकेक जण उठून गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द बोलतो. गुरुजींच्या दहाव्याला तर तालुका लोटणार. बेबी येणार, पहिलं भाषण तिचंच असणार.

"गुरुजी, तुमच्या दहाव्याला मी येनार," मी म्हणाले. "तुमी आमाला शिकवलं ते मी सांगनार, कारन ते खरं हाय. आन् त्याच्यापुढं हे सांगनार, तेबी खरं हाय. त्याच्या आधी तुमी सवता सांगितलं तर भर गावात तुमच्या पाया पडंन. तवर पडनार न्हाई. आन् तवर मला फोन करू नका."

"तू असं करशील?"

"करनार."

त्यांनी फोन ठेवला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मी चहाचा कप ठेवून गाडीत चढले. त्या दिवशी मार्गावर मी नेहमीपेक्षा जास्त ओरडले असेन, प्रवाशांनी मनावर घेतलं नाही.

गावातून निरोप येत राहतात. मिटवून टाक म्हणतात. बेबीताई भेटायला तयार आहे म्हणतात, शाळेत तुझ्या नावाचा फलक लावू म्हणतात. फलक नको. गुरुजींना उदंड आयुष्य मिळावं, हे मी मनापासून म्हणते, कारण स्वतःच्या तोंडानं सांगायला त्यांच्याजवळ अजून वेळ आहे. तो वेळ त्यांनी गप्प बसून घालवला, तर नदीवर मला कुणी माईक दिला नाही तरी मी बोलणार आहे.